वानखडे भाऊंचे तीन दिवे

आमच्या कॉलनीत पत्ता सांगताना कोणी प्लॉट नंबर सांगत नाही. "सिग्नलवाल्या घरापासून तिसरं," असं सांगतात. हा सिग्नल चौकातला नाही. तो दिगंबर वानखडे यांच्या गच्चीवर आहे. कठड्याला एक लोखंडी पाइप बांधलेला आणि त्याच्या टोकाला एकावर एक तीन दिवे: वर लाल, मधे पिवळा, खाली हिरवा. दिवसभर त्यातला कोणता ना कोणता लुकलुकत असतो. एकदा तर लेकीकडे नव्यानेच राहायला आलेले एक आजोबा लाल दिवा पाहून सायकलवरून खाली उतरले आणि हिरव्याची वाट पाहत भर उन्हात उभे राहिले. लोक नियम पाळत नाहीत म्हणून जन्मभर वर्गात ओरडलेला मी, पण "जा हो बाबा, ते काही खरं नाही," असं त्यांना मलाच सांगावं लागलं.

वानखडे भाऊ माझे सख्खे शेजारी. मधे एक कंपाउंडची भिंत आणि तिच्यावर चढलेला आमच्या रेखाचा कारल्याचा वेल. रेखा म्हणजे माझी बायको. भाऊ मूळचे वडनेर भोलजीचे, शिकले अमरावतीला आणि आता इथे खामगावात पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल डिझाईन इंजिनिअर आहेत. म्हणजे नक्की काय करतात, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. ते आपले सारखे पॅनल, दरवाजे, बिजागऱ्या, कुलपं असलं काहीतरी बोलायचे. तेव्हा रेखाने एकदा त्यांना सरळच विचारलं, "भाऊ, आमच्या हॉलमंधी एक शोकेस बसून द्या न."

भाऊंनी खिशातून पेन काढलं आणि शांतपणे विचारलं, "वहिनी, मोटर किती हॉर्सपॉवरची हाये?"

शेवटी मीच एक दिवस खुलासा मागितला. भाऊ म्हणाले, "सर, जिनिंगमंधी कापूस येते, सरकी अलग निंगते, गठान बांधल्या जाते. हे सारं मशीन करते. पण मशीनले अक्कल नसते. कोणतं आंधी चालू व्हावं, कोणतं मंग, आन् कधी थांबावं, हे सारं एका कपाटात भरेल असते. ते कपाट मी कागदावर काढतो."

"म्हणजे मशीनला अक्कल तुम्ही देता."

"हाव. माणसाईसाठी अजून ऑर्डर नाही आली."

हे ते विनोद म्हणून बोलत नाहीत, हे लक्षात घ्या. भाऊ विनोद करत नाहीत. ते माहिती देतात.

त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे, "कमांड देली, पण फीडबॅक कुठंय?" मोटरला चालू हो म्हटलं म्हणजे ती चालू झाली असं इंजिनिअरने धरायचं नसतं. ती खरंच फिरते आहे असा निरोप उलटा आला पाहिजे, मगच पुढचं पाऊल. हे कारखान्यात ठीक आहे. पण भाऊ ते नळवाल्याला, दूधवाल्याला आणि मलाही लावतात. "सर, उद्या पाणी लवकर येनार हाये," एवढं सांगून ते जात नाहीत. समोर येऊन उभे राहतात, माझ्या तोंडाकडे बघतात, आणि मी "हो, कळलं" म्हटल्यावरच हलतात. मागून हाक मारून बोलणं तर त्यांना जमतच नाही. तुम्ही पाठमोरे असलात तर ते पूर्ण वळसा घालून तुमच्या पुढ्यात येतील, घसा साफ करतील आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलतील. मी शाळेत मास्तर होतो, पण आमच्या कॉलनीत मास्तरासारखे बोलतात ते वानखडे भाऊ.

दुसरं वेड थांबवण्याचं. "चालू तं कोनीबी करते. थांबवाची सोय काय हाये?" कुठलंही पॅनल कागदावर उतरवताना ते आधी लाल बटण काढतात. ते दाबलं की सगळं जागच्या जागी बंद. गणपतीच्या बैठकीत पाहुण्यांच्या भाषणाचा विषय निघाला तेव्हा भाऊंनी हाच प्रश्न विचारला होता. पाहुणे पुढारी होते. सोय काही निघाली नाही आणि त्या वर्षी सकाळची आरती दुपारी झाली.

या लाल बटणाचा एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. एका जिनिंगच्या उद्घाटनाला मालकाने म्हाताऱ्या आईच्या हातून पॅनलची पूजा करवली. आईंनी पॅनल खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. करड्या रंगाच्या त्या भल्यामोठ्या कपाटावर एकच गोष्ट लालचुटूक, गोल आणि पुढे आलेली. आईंना देवाची जागा सापडली. त्यांनी त्या बटणावर अंगठ्याने चांगलं दाबून हळद-कुंकू लावलं. भटजींनी नारळ फोडला, मालकाने स्विच फिरवला आणि काहीच झालं नाही. पुन्हा फिरवला, तरी नाही. मालकाचा चेहरा उतरला. भटजी शांतीचं बोलू लागले. पाहुण्यांपैकी कोणी जागेचा दोष काढला. भाऊ गर्दीतून पुढे आले, कुंकवाचं बटण फिरवून मोकळं केलं आणि म्हणाले, "आता लावा." मशीन गरजत सुरू झालं.

दुसरा कोणी असता तर त्याने हा किस्सा सांगून आयुष्यभर लोकांना हसवलं असतं. भाऊंना तो स्वतःचा डिझाईनमधला दोष वाटला. म्हातारीचं काय चुकलं? कुंकू लावायला जागाच दिली नव्हती. त्या दिवसापासून भाऊंच्या प्रत्येक पॅनलवर, दाराच्या वरच्या अंगाला, पितळेची एक छोटी गोल पट्टी असते आणि खाली लिहिलेलं असतं, "हळद-कुंकू येथे लावावे." त्यांच्या ड्रॉइंगमध्ये तिला रीतसर नाव आहे, पूजा प्लेट. परप्रांतातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने ही प्लेट कशासाठी म्हणून विचारलं, तर भाऊंनी कळवलं, "ऑपरेटर सेफ्टी."

तिसरं वेड खरेपणाचं. मशीनची चाचणी घेताना इंजिनिअर लोक कधी कधी खोटा सिग्नल देतात म्हणे. म्हणजे दरवाजा उघडाच असतो, पण कॉम्प्युटरला सांगायचं की बंद आहे. याला ते लोक फोर्स करणं म्हणतात. चाचणी झाली की तो खोटेपणा काढून टाकायचा. भाऊ एकदा असंच काम आटोपून शेगावच्या स्टेशनवर येऊन बसले आणि त्यांना शंका आली की एक सिग्नल फोर्स केलेलाच राहिलाय. गाडी समोर लागलेली. भाऊ ती सोडून उठले, पुन्हा एसटी धरून कारखान्यात पोचले, बघितलं तर सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, "मग फुकट हेलपाटा." ते म्हणाले, "सर, खोटा सिग्नल सोडून घरी कसा जाऊ? झोप येते का?"

आता घरातलं सांगतो. बाहेर कारखान्यांना अक्कल वाटून उरलेली भाऊंनी घरी आणली होती. कुकरच्या शिट्ट्या त्यांच्या घरी माणूस मोजत नाही, भिंतीवरचं यंत्र मोजतं. तिसऱ्या शिट्टीला लाल दिवा. फाटकावरचं बटण कोणी दाबलं की हिरवा. घरातला मोबाईल वाजला की पिवळा. हे तीन दिवे गच्चीवर, शिवाय त्यांची पिल्लं स्वयंपाकघरात, न्हाणीघराबाहेर, अंगणात. "कायले हे सारं, भाऊ?" असं विचारलं की भाऊ जमिनीकडे बघत म्हणायचे, "नाद हाये, सर."

रेखाचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "नाद-बिद काही नाही. बायकोचे लाड हाये. बाईसाहेबाले उठून कुकरजवय जायाचा कंटाया."

बाईसाहेब म्हणजे शोभाताई, भाऊंच्या पत्नी. माहेर दुसरबीडचं, त्यामुळे बोली आमच्यापेक्षा जराशी जालन्याकडची. दिसायला नीटनेटक्या, बोलायला गोड, पण कॉलनीतल्या बायकांत त्यांचं एकच नाव झालं होतं, गर्विष्ठ. मागून हाक मारली तर वळून बघायच्या नाहीत. भाजीच्या गाड्यावर चार जणी बोलत असल्या तर गालात हसून बाजूला उभ्या राहायच्या. हळदी-कुंकवाला यायच्या, वाण घेऊन लगेच जायच्या. रेखाने एकदा भर रस्त्यात "शोभाताई, अवो शोभाताई!" म्हणून घसा कोरडा केला आणि बाई सरळ निघून गेली. त्या दिवसापासून आमच्या घरातून बोलणं बंद. कारल्याचा वेलसुद्धा रेखाने आपल्या बाजूला वळवून घेतला.

अशात खेडकर ठेकेदारांनी समोर बंगला बांधला आणि दिव्यांचा विषय पेटला.

खेडकर मोठा माणूस. आवाज मोठा, घर मोठं, गाडी मोठी. त्यांच्या मुलीला बघायला चिखलीहून पाहुणे आले. बैठक रंगली, पोहे आले, आणि नेमकी तेव्हाच भाऊंच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली. लाल दिवा गरगर फिरू लागला. त्याचा उजेड खेडकरांच्या नव्या पांढऱ्या भिंतीवर, पाहुण्यांच्या चेहऱ्यावर आणि मुलीच्या साडीवर नाचू लागला. मुलाच्या मामाने घाबरून विचारलं, "समोर दवाखाना हाये का?" पुढे त्यांचा नकार आला. पत्रिका जुळली नाही असं त्यांनी कळवलं. खेडकरांच्या मते पत्रिका जुळली होती, दिवा आडवा आला होता.

"तो दिवा काढा, नाहीतं मी नगरपालिकेत अर्ज देतो," खेडकरांनी जाहीर केलं. रविवारी सकाळी ओपन स्पेसमधल्या निंबाखाली कॉलनीची बैठक ठरली. मी सचिव. निवृत्त माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून झालेला सचिव. बैठकीआधी वानखड्यांना समजावून या, असं माझ्या गळ्यात पडलं. रेखाने जाता जाता बजावलं, "बाईसोबत बोलू नका. ते काही उत्तर देत नसते."

मी फाटकाशी गेलो. भाऊ कामाला बाहेरगावी गेले होते, हे मला माहीत नव्हतं. शोभाताई अंगणात पाठमोऱ्या बसून मिरच्या वाळत घालत होत्या. मी हाक मारली. नाही. पुन्हा मारली, चांगली वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी. तरी नाही. मला रागच आला. म्हटलं, रेखा म्हणते ते काही खोटं नाही. शेवटी फाटकावरचं बटण दाबलं. अंगणातला हिरवा दिवा लागला आणि शोभाताई झटकन वळल्या. "या की सर!" म्हणाल्या, आणि चेहरा असा उजळला की माझा राग कुठे ठेवावा हे मला कळेना.

व्हरांड्यात त्या माझ्या अगदी समोर बसल्या आणि माझ्याकडे टक लावून बघू लागल्या. मी खेडकरांचं, पाहुण्यांचं, दिव्याचं सांगितलं. "ते आदिलाबादला गेलेत," त्या म्हणाल्या. "परवा येतील. मग तुम्हीच..." एवढ्यात स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून मांजराने भला मोठा स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, खाली लोटला. तो असा दणाणत फरशीवर आदळला की मी खुर्चीतून उठलोच. गंज बराच वेळ गोल गोल घरंगळत वाजत राहिला.

शोभाताई बोलतच होत्या. त्यांची पापणीसुद्धा हलली नव्हती.

मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. मागे वळून बघितलं. मांजर मिशा चाटत दारातून बाहेर पडत होतं. त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांना कळलं होतं की मला कळलंय. दिवे, शिट्ट्या, फाटकावरचं बटण, भाऊंचं वळसा घालून समोर येणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोणाला सांगू नका, सर," त्या म्हणाल्या. "मोठा ताप आला होता, तेव्हापासून कमी कमी होत गेलं. आता जवळजवळ काहीच नाही. तोंड बघून समजतं मला."

"अहो पण लोक तुम्हाला काय काय म्हणतात, माहीत आहे का?"

"गर्विष्ठ म्हणतात. म्हणू द्या की. गर्विष्ठ बाईला माणसं बिचकून राहतात. बहिऱ्या बाईला हसतात. माझी मावशी बहिरी होती. दुसरबीडला पोरं तिच्यामागं जाऊन पत्र्याचे डबे बडवायची, ती वळती का बघायला. मोठी माणसं बी हसायची. मी बी हसलेली हाय लहानपणी." त्यांनी पदर सारखा केला. "ह्यांना मी शपथ घातलीय."

भाऊ परत आले ते थेट माझ्याकडे. समोर उभे राहिले आणि घसा साफ केला.

"सर, जिनिंगमंधी आवाज एवढा असते का शेजारच्याचं बोलणं आयकू येत नाही. तिथं आम्ही भोंगा लावत नाही. दिवा लावतो. दिव्यानं सारं समजते. मंग घरी काऊन नाही लावाचा? मी बाहेर गेलो का व्हिडिओवाला फोन करतो. पिवया लागला का शोभा मोबाईल उचलते, माह्यं तोंड पाह्यते. तेवढं समजलं का मी निवांत." त्यांनी गच्चीकडे बोट दाखवलं. "तो वरचा गल्लीतून, भाजीच्या गाड्यावरून दिसते, म्हणून ते बाहेर निंगते. आता दिवा काढला तं ते घरात कोंडल्या जाते. आन् दिव्याचं कारण सांगतलं तं ते घराबाहेर निंगत नाही. सांगा मले, काय करू?"

"कानाचं मशीन?" मी विचारलं.

"अकोल्याच्या डॉक्टरनं देलं न. दोन कानाचे दोन. चांगलं आयकू येते म्हणे त्यानं. कपाटात साड्याईखाली ठेवून देले तिनं. लोक पाह्यतीन म्हणते."

रविवारी निंबाखाली सगळी कॉलनी जमली. बायकासुद्धा आल्या होत्या. शोभाताई नव्हत्या. खेडकरांनी लाल दिव्याने झालेलं नुकसान सांगितलं. कोणी अपशकुन म्हणालं, कोणी लाइटबिलाचा मुद्दा काढला. मी सचिव म्हणून सगळं वहीत उतरवून घेत होतो. मग भाऊ उठले.

"माह्या कानानं आयकू येत नाही," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"इतके वर्स जिनिंगच्या आवाजात काम केलं. कान गेले. घरी बेल वाजली, फोन आला, कुकर बोंबलून राह्यला, मले काही समजत नाही. म्हणून दिवे लावले. सांगाची लाज वाटत होती. माफ करा."

मी आ वासून बघत राहिलो. शेगावच्या स्टेशनवरून खोट्या सिग्नलच्या नुसत्या शंकेने परत गेलेला हा माणूस.

खेडकर हलले. माणूस आवाजाने मोठा होता, मनाने वाईट नव्हता. पण लगेच त्यांनी शेजाऱ्याच्या कानात पुटपुटत शंका काढली, "पण हा घरी नसते तरी दिवे लागते न बे?"

भाऊ दहा पावलांवर उभे. त्यांनी सवयीने खेडकरांकडे मान वळवली आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी इतक्या जोरात खोकलो की दोघांनी पाणी आणून दिलं. खेडकरांनी मग तोच प्रश्न दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडून विचारला. भाऊ म्हणाले, "टेस्टिंग!" एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं, कारण असलं टेस्टिंग भाऊ करत असतील याबद्दल कोणालाच शंका नव्हती. दिव्याला खेडकरांच्या बाजूने अर्धा पत्रा लावायचा आणि दिवा राहू द्यायचा, असं ठरलं. "आंधी सांगाचं न, भाऊ!" असं खेडकर ओरडले. तेव्हापासून सगळी कॉलनी भाऊंशी ओरडूनच बोलू लागली.

घरी येताना भाऊ माझ्या बाजूला हळूच म्हणाले, "सर, आज जल्मात पह्यल्यांदा सिग्नल फोर्स केला आन् तसाच सोडून आलो."

"झोप येईल का?"

"पाहू," ते म्हणाले.

पुढचं मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं. त्या घरी बोलायचं तर समोर जाऊन, तोंड दाखवून, हळूहळू बोलायचं, हे कॉलनीच्या अंगवळणी पडलं. सवय लागली भाऊंसाठी, पण तशी ती शोभाताईंशीही सगळे पाळू लागले. बायकांना तर त्यांची दयाच आली. "बिचारी, भयऱ्या मानसासंगं दिवस काढते, म्हणून तिचं ध्यान नसते," असा निष्कर्ष रेखाने काढला, आणि एका दुपारी कारली घेऊन त्यांच्याकडे गेली. समोरासमोर बसून दोघी संध्याकाळपर्यंत बोलल्या. परत आल्यावर रेखा म्हणाली, "बाई लय चांगली हाये. तुमीच उगाच गर्विष्ठ म्हणत होते." मी "हो" म्हटलं. सुखी संसाराची मी तरी हीच रीत शिकलोय.

भाऊंचे हाल मात्र सुरू झाले. बहिरेपण त्यांना अजिबात जमत नव्हतं. चहा घेता का, असं कोणी कुजबुजलं तरी ते "अर्धा" म्हणायचे. त्यात खेडकर आता त्यांचे जिवलग झाले होते. रोज सकाळी गाठून ओरडायचे, "कानाची मशीन काऊन नाही लावत? चाल, मी नेतो अकोल्याले!" शेवटी भाऊंनी साड्यांखालच्या डबीतलं एक मशीन काढलं, त्यातला सेल काढून ठेवला आणि ते उजव्या कानामागे लावून बाहेर पडले. धडधाकट कानाला मेलेलं मशीन लावून हा माणूस कारखान्यात गेला, आठवडी बाजारात गेला, एका लग्नात पहिल्या पंगतीला बसला.

आणि कोणी हसलं नाही. पहिले दोन-चार दिवस लोकांनी बघितलं, किंमत विचारली, खेडकरांनी "दाखव बे" म्हणून स्वतःच्या कानाला लावून पाहिलं आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून कंपनीला शिव्या दिल्या. मग सगळे विसरून गेले. शोभाताई हे सगळं खिडकीतून बघत होत्या. भाऊ मला म्हणायचे, "सर, पोट्टे डबे वाजवत नाही मांगून. ते पाह्यते न खिडकीतून. तिले दिसते." पण दुसरं मशीन डबीतच होतं. भाऊंनी तिला एकदाही लाव म्हटलं नाही.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. नवीन पॅनलचं ड्रॉइंग टेबलावर पसरलेलं, पूजा प्लेटसकट. भाऊंनी नेहमीसारखा उठून स्वयंपाकघराच्या दारात पवित्रा घेतला. शोभाताई ओट्याशी पाठमोऱ्या कोथिंबीर निवडत होत्या. आता भाऊ वळसा घालून समोर जाणार, तेवढ्यात पायात मांजर आलं, ते तिथेच अडखळले, आणि सवयीच्या त्या दणदणीत आवाजात दारातूनच बोलून गेले, "शोभा! सर आले! चहा ठेव!"

"हळू बोला की जरा!" शोभाताई मागे न बघता म्हणाल्या. "मी काय बहिरी हाय का?"

भाऊ दारात थिजले. मी बसल्या जागेवरून पाहिलं. शोभाताईंनी केस मागे घट्ट बांधले होते आणि डाव्या कानामागे ते छोटंसं मशीन होतं, पदराखाली न झाकलेलं. त्या आपल्या कोथिंबीर निवडत होत्या. कॉलनीतल्या बायका बहुतेक अशाच नवऱ्यावर खेकसतात. भाऊंनी हाताच्या पालथ्या मुठीने डोळे पुसले. चौकटीला धरून उभे राहिले. मग तिच्या पाठीकडे बघत, मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"शोभा."

"काय हो?"

काम काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा हाक मारली.